कुणी आणलं?

2024 च्या जुलैमधली गोष्ट. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन घरी परतत होते. पाऊस लागलेला होता. साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या. दोन्ही हातांत कापडी पिशव्या होत्या आणि एकीतून अळूची पानं बाहेर डोकावत होती. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीला बावीस मजले आहेत, आम्ही चौदाव्यावर राहतो. लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात नवीन वॉचमन धावत आला. "मौसी, सामान वाले उधर से," असं म्हणून त्याने मागच्या बाजूच्या सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवलं.

या इमारतीत मी पंधरा वर्षं राहते आहे. "मी इथेच राहते" एवढं म्हटलं असतं तर तो ओशाळून बाजूला झाला असता. पण शब्द तोंडातून फुटला नाही. मला राग आला होता. त्याने मला डिलिव्हरीवाली नाहीतर कुणाच्या तरी घरची कामवाली समजावं, याचा राग. मुकाट्याने मागे वळले आणि सर्व्हिस लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. तिथे पाठीवर मोठी चौकोनी बॅग घेतलेला एक मुलगा आधीच उभा होता. वय बावीस-तेवीस असेल. अंगातून पाणी निथळत होतं. त्याने माझ्या हातातली एक पिशवी न विचारताच घेतली आणि म्हणाला, "मावशी, कितव्या मजल्यावर?"

लिफ्ट लवकर येईना. वरच्या मजल्यांवरून कचऱ्याचे डबे खाली आणणं चालू होतं. सहा-सात मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. त्या वेळात त्या मुलाशी जे बोलणं झालं ते पुढे सांगेन. पण त्या रात्री माझ्या मनात घोळत राहिला तो माझा राग. ज्या घरात मी वाढले, त्या घरातल्या मुलीला असा राग यायला नको होता.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर होते. घरात सामान आणायचं म्हणजे ते कुणीतरी वाहून आणायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक आम्ही पोरं. तेलाची बरणी, गव्हाची पिशवी, रॉकेलचा डबा. 1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची. तिच्या भाकरीची चव आठवत नाही, पण रांग आठवते. आई मला रांगेत उभी करून पाण्याला जायची. मागच्या बाया मला ढकलायच्या नाहीत, उलट पुढे सरकवायच्या. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध मोर्चात निघाल्या होत्या. आमच्या चाळीतल्याही काही जणी गेल्या होत्या. रेशनच्या रांगेत उभं राहण्याची तेव्हा आम्हाला लाज नव्हती, कारण आमच्या ओळखीचं जग सगळंच त्या रांगेत होतं.

लाज आली ती 1982 मध्ये. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले दोन-तीन महिने लोकांना वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारीची वही फुगत गेली. बाबांनी दुकानासमोरून जाणं सोडलं. ते पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून यायचे. वाण्याकडे मला पाठवायचे. मोठ्या माणसाला नाही म्हणायला वाणी कचरला नसता, पोरीला कसं म्हणणार, एवढाच त्यात हिशेब होता. मी सोळा वर्षांची होते आणि तो हिशेब मला कळत होता. मी जायची, अर्धा किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळ, शंभर ग्रॅम चहा असं हळू आवाजात सांगायची. वाणी रद्दीच्या कागदात पुड्या बांधायचा, दोरा दातांनी तोडायचा आणि वहीत लिहायचा. एकदाही त्याने बाकी किती झाली हे चारचौघांत विचारलं नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत त्या काळात चूल पेटली ती अशा वह्यांच्या आधाराने. काही वाणी त्या वह्यांपायी स्वतः बुडाले. दुकानात जाणं म्हणजे नुसतं सामान घेणं नसतं, आपलं तोंड दाखवणं असतं, हे मी तिथे शिकले. ज्याच्याकडे पैसे असतात त्याला हे कधी जाणवत नाही.

संप लांबला तेव्हा आईने दादरच्या हिंदू कॉलनीत एका डॉक्टरांकडे स्वयंपाकाचं काम धरलं. त्यांच्याकडे सगळं घरपोच यायचं. महिन्याची यादी दुकानात जायची आणि दुकानाचा गडी डोक्यावरून सामान आणून स्वयंपाकघरात मांडून जायचा. आई त्या गड्याला पाणी द्यायची, गुळाचा खडा द्यायची. ती स्वतः तिथे पगारी होती, पण पाण्यासाठी तिने बाईंना कधी विचारलं नाही.

त्या दिवाळीत बाई सुका मेवा आणि फळं घ्यायला क्रॉफर्ड मार्केटमध्ये गेल्या. हातभार म्हणून आई गेली आणि तिच्यासोबत मी. त्या मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव देऊन बरीच वर्षं झाली होती, पण तोंडात क्रॉफर्डच होतं. आत शिरल्या शिरल्या मोठी वेताची पाटी डोक्यावर घेतलेला एक पाटीवाला आमच्या मागे लागला. मग आमची वरात अशी निघाली: पुढे रिकाम्या हातांनी बाई, त्यांच्यामागे पैशांची पर्स आणि छत्री घेतलेली आई, आईमागे मी, सगळ्यांच्या शेवटी डोक्यावर पाटी घेतलेला तो म्हातारा. बाई भाव करायच्या, आई फळ दाबून बघायची, पाटीत टाकायचं काम माझं. कुणी काही बोललं नव्हतं, तरी प्रत्येकाला आपली जागा माहीत होती. हात जितके रिकामे तितकी जागा पुढची.

घरी येताना बसमध्ये मी आईला विचारलं, "बाई स्वतः का गेल्या? त्यांना तर सगळं घरपोच मिळतं."

आई म्हणाली, "त्यांना जावंसं वाटलं म्हणून गेल्या. आपल्याला जावं लागतं."

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण या विषयावर इतकं नेमकं बोललेलं मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही. बाजारात जाण्याने कुणी लहान होत नाही आणि घरी मागवण्याने कुणी मोठा होत नाही. जाणं आणि न जाणं आपल्या मर्जीवर आहे की नाही, त्यावर पायरी ठरते. पुढची चाळीस वर्षं मी हेच वेगवेगळ्या रूपांत बघत आले.

1990 मध्ये लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. नवरा बँकेत कारकून. वन रूम किचनचा ब्लॉक, पण स्वतःचा. तिथे मला आयुष्यातली एक चांगली गोष्ट मिळाली, ती म्हणजे ग्राहक पंचायत. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते. शेजारपाजारच्या घरांनी मिळून आपला एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी भरून द्यायची, मग ठरलेल्या दिवशी सगळ्या संघाचा माल एकत्र एका घरी यायचा. तिथून पुढचं काम आमचं. आमच्या संघात चौदा घरं होती. एक दातांच्या डॉक्टरीण होत्या, दोन शिक्षिका, एक रेल्वेतल्या मोटरमनची बायको, एक विधवा बाई ज्या पोळ्या लाटून द्यायच्या, आणि आम्ही. वाटपाच्या दिवशी सगळ्या जणी एका घरात जमिनीवर बसायच्या. एक यादी वाचणार, दुसऱ्या घराघराचे ढीग लावणार, तिसरी ते पडताळून बघणार. डॉक्टरीणबाई पदर खोचून साबणाच्या वड्या मोजायच्या. मग जी ती आपापलं सामान उचलून घरी न्यायची. ज्यांना उचलत नसे त्यांना दुसरी पोचवून यायची.

हेही एका अर्थी घरपोचच होतं. दुकानात कुणीच जात नव्हतं. पण वाहून न्यायचं प्रत्येकीने. आयुष्यात तेवढी एकच व्यवस्था मी अशी पाहिली जिच्यात कोण पुढे आणि कोण मागे हे हातातल्या ओझ्यावरून ओळखता येत नव्हतं. जवळपास वीस वर्षं मी त्या संघात होते. पोळ्यांच्या बाईंची मुलगी बी.कॉम. झाली ती बातमी आम्हाला शेंगदाण्याच्या ढिगाशी बसून कळली, आणि पेढे तिथेच खाल्ले.

याच काळात सरकारनेही माणसांना रंग वाटून दिले. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. आम्हाला पांढरी मिळाली. तिच्यावर धान्य मिळत नसे, पत्त्याचा पुरावा म्हणून ती कपाटात असायची. शेजारच्या एक बाई किती कौतुकाने म्हणाल्या होत्या, "आमची पांढरी बरं का." जिच्यावर काहीच मिळत नाही त्या कार्डाचं कौतुक. आई लालबागहून आली तेव्हा मी ते कार्ड तिला दाखवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. तिचं केशरी होतं.

मग मॉल आले, ट्रॉल्या आल्या. पवईला 2002 मध्ये पहिलं डी मार्ट निघालं, पुढे आमच्याही भागात आलं. तिथे सगळेच स्वतः ढकलत असतात, त्यामुळे गर्दीत बरं वाटायचं. 2009 मध्ये आम्ही ठाण्याला या इमारतीत आलो आणि माझा संघ सुटला.

घरपोच या गोष्टीबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा यजमानांची बायपास होऊन दोनच महिने झाले होते. बाहेर पडायची भीती होती. तेव्हा कुणीतरी मुलगा तोंडाला रुमाल बांधून गेटपर्यंत दूध, डाळ, औषधं आणून ठेवत होता, म्हणून आम्ही निभावलो. बाहेरचा धोका होता तसाच होता, आम्ही घरी राहिलो आणि तो त्याच्या अंगावर गेला. आज आई आमच्याकडे असते. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, खुबा मोडल्यापासून अंथरुणाला आहे. सून सकाळी आठला घर सोडते आणि रात्री आठला येते. रात्री साडेनऊला तिने मोबाइलवर दूध आणि पाव मागवला आणि दहा-बारा मिनिटांत तो दारात आला, तर त्यात चूक काय? तिचा बारा तासांचा दिवस मी बघते. म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला, नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या बाईला ही सोय म्हणजे खरा हातभार आहे.

पण त्याच सोयीभोवती एक नवीन पायरी तयार झाली आहे, ती आम्ही बांधली आहे. आमच्या मजल्यावर एकीने मला विचारलं होतं, "काकू, अजून तुम्ही भाजीला स्वतः जाता? मागवत नाही?" तिच्या सुरात कीव होती. आणि तीच रविवारी सकाळी गाडी काढून शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात जाते, ज्यूटच्या पिशवीतून विषमुक्त भाजी आणते, तिचे फोटो काढते. तिला मी दोष देत नाही, भाजी चांगलीच असते. पण पाहा, बाजार तोच, पिशवीही तीच. ती जाते ते हौसेने, म्हणून ती कौतुकाची. मी बुधवारी बसने जाते, म्हणून मी कीव करण्याजोगी. आणि पिशव्या घेऊन पावसात भिजत आले, तर सर्व्हिस लिफ्टची.

आता त्या मुलाशी झालेलं बोलणं. तो परभणीकडचा. गावाकडे कोरडवाहू जमीन, दोन भाऊ. इथे कळव्याला चौघांत खोली घेऊन राहतो. त्याच्या ॲपचं गोदाम आमच्या मागच्या रस्त्यावर एका इमारतीच्या तळमजल्याला आहे. मी इतकी वर्षं तिथून जाते, शटर अर्धं खाली असतं, आत दुकान आहे हे मला कधी कळलं नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, रस्त्यात टाइम जात नाही. तीन मिनिटांत गेटवर येतो. टाइम जातो तो इथं. गेटवर एन्ट्री, वर फोन, मग ही लिफ्ट. पुढची ऑर्डर तिकडं थांबलेली असते."

मी विचारलं, "तू स्वतः भाजी कुठून घेतोस?"

"रात्री नऊनंतर स्टेशनबाहेर. वाटे लावतात ना शेवटी, दहा-दहा रुपयाला. तेव्हा घेतो."

मला लालबाग आठवलं. आम्हीही उशिरा जायचो, बाजार उठायच्या वेळी. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या दारात भाजी पोचवतो तो स्वतःची भाजी उठत्या बाजारात घेतो.

लिफ्ट आली. आत कचऱ्याचा वास होता. त्याने माझी पिशवी चौदाव्या मजल्यावर दारापर्यंत आणून दिली. त्याची ऑर्डर अठराव्यावर होती. मी कुलूप उघडेपर्यंत तो गेलासुद्धा.

आत आईने हाक मारली. तिची एक सवय आहे. बेल वाजली, पिशवीचा आवाज आला, की ती पलंगावरून विचारते, "कुणी आणलं गं?" सून सांगते, "आजी, ऑनलाइन आलं." आई पुन्हा विचारते, "पण आणलं कुणी?" आम्हाला वाटायचं की वयामुळे तिला कळत नाही. त्या दिवशी मला कळलं की ती अगदी बरोबर विचारते आहे. तिच्या लेखी सामान येत नसतं, कुणीतरी ते आणत असतं.

मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, वॉचमनचं, रागाचं, त्या मुलाचं. ती म्हणाली, "तुला राग कशाचा आला? तो वॉचमन तुला माझी लेक समजला, एवढंच ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

सप्टेंबरमध्ये सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. खालच्या मजल्यावर तेव्हा पाटी होती: 'डिलिव्हरी, घरकामगार व सामान यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' मी म्हटलं, या पाटीत माणसं आणि सामान एका ओळीत आहेत. कपाटं, गाद्या, गॅसचे सिलिंडर मागच्या लिफ्टने जाऊ देत, ते योग्यच आहे. माणसांनी कुठल्याही लिफ्टने जावं. आपल्याच घरचं दूध घेऊन येणाऱ्याला आपण कचऱ्याच्या डब्यांबरोबर का उभं करायचं? कुणी सुरक्षेचं कारण सांगितलं. मी विचारलं, गेटवर नाव, फोटो, आपला होकार, सगळं घेऊन आत सोडलेला माणूस मागच्या लिफ्टमध्ये सुरक्षित आणि पुढच्या लिफ्टमध्ये धोक्याचा कसा होतो? एक गृहस्थ म्हणाले की आम्ही देखभाल खर्च कशासाठी भरतो. मग हात वर करून मत घेतलं. मी हरले. बाजूने सोळा, विरुद्ध एकतीस.

सभा संपल्यावर ज्यूटच्या पिशवीवाली ती शेजारीण माझ्याकडे आली. तिने माझ्या बाजूने हात वर केला होता. आम्ही दोघींनी सोळा जणांच्या सह्यांचं पत्र कमिटीला दिलं. तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर एवढं झालं: पाटीवरून 'घरकामगार' हा शब्द गेला, आणि कचऱ्याच्या वेळेत, म्हणजे सकाळी नऊ ते अकरा, डिलिव्हरीच्या मुलांना पुढची लिफ्ट वापरता येईल असं ठरलं. पुरेसं नाही. पुढच्या सभेत मी पुन्हा विषय मांडणार आहे.

जानेवारीत एका सकाळी दहाच्या सुमारास आईची औषधं आली. आणणारा मुलगा पुढच्या लिफ्टने आला होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याचं लक्ष मोबाइलवर होतं. "नको काकू, टाइम चाललाय," म्हणाला आणि दार बंद होण्याआधी लिफ्टमध्ये शिरला.

"कुणी आणलं?" आईने विचारलं.

"एक मुलगा होता. बीडकडचा वाटला बोलण्यावरून."

"पाणी दिलंस?"

"दिलं होतं. पण थांबायला वेळ नव्हता त्याला."

आई बराच वेळ गप्प राहिली. डॉक्टरांच्या स्वयंपाकघरातला गडी निदान टेकायचा, घाम पुसायचा, गूळ तोंडात टाकून दोन शब्द बोलायचा. दहा मिनिटांच्या हिशेबात ते बसत नाही. मग ती म्हणाली, "दारात थांबत नसेल, तर जिथं थांबतो तिथं ठेव."

तो थांबतो गेटवर. एन्ट्री होईपर्यंत, वरून होकार येईपर्यंत. आता तिथे वॉचमनच्या केबिनबाहेर एक माठ आहे आणि स्टीलचे दोन पेले साखळीला बांधलेले आहेत. माठ रोज सकाळी भरायचं काम त्याच वॉचमनने अंगावर घेतलं आहे ज्याने मला मागच्या लिफ्टकडे पाठवलं होतं. बुधवारी जांभळी नाक्यावरून येते तेव्हा पिशव्या खाली ठेवून मीही तिथलंच पाणी पिते.